डोंगरातल्या छोट्या शहराभोवतीचे सायकल ट्रेल: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

गाडीच्या टपावर सायकल बांधून लांबच्या ट्रेलवर जाणाऱ्यांचे लेख पुष्कळ वाचायला मिळतात. हा धागा ज्यांचा ट्रेल घरामागच्या गल्लीतूनच सुरू होतो त्यांच्यासाठी. त्याच त्या वाटा ऋतूमागून ऋतू चालवून काय कळलं, सायकलीत काय बदललंत, कोणाशी खटके उडतात, सगळं लिहा. शहराचं नाव लिहू नका, चांगल्या वाटांवर गर्दी व्हायला वेळ लागत नाही. ब्रँडचे वाद इथे नकोत.

सुरुवात मी करते. आमचं शहर डोंगराच्या धारेवर वसलंय, म्हणजे कुठलाही ट्रेल धरला तरी आधी उतार आणि घरी येताना चढ. दरीतल्या शहरात याच्या बरोब्बर उलटं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण राईडचा सगळा हिशेब यावर ठरतो. दरीतला माणूस दमला की सायकल वळवतो आणि घरंगळत घरी पोचतो. आम्ही दमतो तेव्हा सगळ्यात खाली असतो आणि घर डोक्यावर असतं. त्यामुळे उतार कितीही छान चाललेला असो, पाणी आणि पायातला जोर निम्म्याहून जास्त शिल्लक असेपर्यंतच खाली जायचं, हा माझा नियम. पाहुण्या सायकलस्वारांना तो भित्रेपणा वाटतो. परतीच्या चढाला वाटेनासा होतो.

चढणकर

आम्ही दरीतले. हिवाळ्यात पहाटे थंड हवा खाली साचते आणि शहर गारठलेलं असतं. एरवी दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, पण अशा सकाळी उलटं होतं: जरा वर चढलं की ऊब लागते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालायचे. जाकीट पाठीवर, ते उतारासाठी. घामेजलेल्या अंगाने वरून सुटलात की बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही.

चढाबद्दल एकच सांगतो. सुट्या खडीवर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं. सीटच्या टोकाशी सरका, कोपरं खाली, छाती हँडलकडे, आणि नजर चाकावर नको, पुढे तीन-चार मीटरवर. पुढे ३२ दातांची चकती आणि मागे ५१ची असली की भिंतीसारखे चढही बसल्या बसल्या निघतात. गिअरला दोष देणारे बहुतेक जण तो आधीच उतरवायचा विसरलेले असतात.

मागचा ब्रेक

शहरालगतचे उतार लहान असतात हा गैरसमज आहे. आमच्याकडे एक वाट सलग आठशे मीटर खाली उतरते. अशा ठिकाणी ब्रेक सतत हलकासा धरून ठेवणं सगळ्यात वाईट. रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, तापतो, पॅड गुळगुळीत होऊन चमकायला लागतात, लिव्हर हँडलपर्यंत जातो. हायड्रॉलिक ब्रेकमधलं डॉट प्रकारचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं होईल तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून लांब उतार असणाऱ्यांनी ते वेळेवर बदलायला हवं. सोडा आणि दाबा, सोडा आणि दाबा. वळणाच्या आधी, सरळ भागात, दोन्ही ब्रेक जोरात, आणि वळणात सोडून द्यायचे. वळणाच्या तोंडाशी ओळीने जे खड्डे पडतात ते वळणात शिरल्यावर जाग आलेल्यांनी पाडलेले असतात.

गंमत म्हणजे या खेळाची सुरुवातच तापलेल्या ब्रेकपासून झाली असं म्हणायला हरकत नाही. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स नावाच्या छोट्या गावाजवळ मातीच्या रस्त्यावर १९७६ साली पोरांनी शर्यती सुरू केल्या. सायकली जुन्या, जाडजूड, १९३०-४० च्या काळातल्या. पॅडल उलटं मारून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं. वरपासून खालपर्यंत उंचीतला फरक सुमारे ४०० मीटर, आणि त्या पोरांपैकी गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा. त्यानंतर वीस वर्षांत, १९९६ला अटलांटात, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये होता.

एकटीच

मी बहुतेक वेळा एकटी जाते, आणि ‘एकटी जाऊ नकोस’ हा सल्ला कृपया इथे कोणी देऊ नये.

धारेच्या पलीकडे गेलं की मोबाइलला रेंज नसते, शहराचे दिवे दिसत असले तरी. मी निघण्याआधी वाट आणि परतायची वेळ लिहून पाठवते, आणि ठरलेली वाट मधेच बदलत नाही. शिट्टी गळ्यात, बॅगेत नाही. चेनची सुटी कडी, ट्यूबलेसला, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला, भोक पडलं तर खोचायची पट्टी, आणि तरीही एक ट्यूब, कारण टायर कडेने चिरला तर सीलंटचा, म्हणजे आतल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, उपयोग शून्य.

आमच्या वाटांवर सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा आणि कुत्री फार. मी लांबूनच घंटी वाजवते, वेग पाऊलचालीवर आणते आणि आधी बोलते. मागून आलेली सायकल बघून माणूस दचकतो, ओळखीचा आवाज ऐकून बाजूला होतो. घोडा समोर आला तर मात्र सायकलवरून उतरायचं, उताराच्या बाजूला उभं राहायचं आणि बोलत राहायचं, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळतं.

चढणकर

@एकटीच, यात एक भर. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. चढावर थांबलेली सायकल पुन्हा चालू करणं किती जड जातं, हे फक्त उतारच करणाऱ्यांना माहीत नसतं.

कुदळफावडं

आमची टोळी सायकल कमी चालवते आणि ट्रेल जास्त दुरुस्त करते, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा.

ट्रेल टायरमुळे खराब होतो असं सगळ्यांना वाटतं. तो खरा पाण्यामुळे जातो, टायर फक्त पाण्याला वाट करून देतो. शहराजवळच्या बऱ्याच वाटा मुळात चालणाऱ्यांनी पाडलेल्या, म्हणजे नाकासमोर सरळ खाली. तिथे पाऊस आला की ट्रेलचाच ओढा होतो. मधे चर पडतो, मग सायकली चराच्या कडेने जातात, तिथे दुसरा चर, आणि काही वर्षांत हातभर रुंदीची वाट खोलीभर होते.

नवीन वाट आखताना आम्ही दोन गोष्टी धरून चालतो. डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नको. म्हणजे डोंगर ३० टक्के असेल तर वाट १५च्या आत, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच धावतं. आणि पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवतो, साधारण ५ टक्के. पण वापराने मधला भाग दबतो आणि हा कल काही दिवसांत जातो, म्हणून उतरत्या वाटेत अधूनमधून छोटासा चढ मुद्दाम घालायचा. तुम्हाला तो उड्या मारायला केलेला उंचवटा वाटतो. तो पाणी बाहेर काढायची जागा आहे, त्यामुळे कृपया त्याला बाजूने वळसा घालू नका.

सगळ्यात त्रास सपाट जमिनीवर होतो, हे नवख्यांना पटत नाही. उतारावर पाण्याला निघून जायला जागा असते, सपाटीवर ते बसून राहतं. तिथे दगड उभे गाडून फरशी करतो. कमरेचं काम आहे, फोटोत काहीच दिसत नाही.

आणि एक विनंती. अवघड वाटतो म्हणून वाटेतला दगड उपटून काढू नका. त्याच्यामागे कित्येक वर्षांची माती अडलेली असते. तसंच कोणाला न विचारता जंगलात नवीन उड्या खोदू नका. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने एकदा फाटक लावलं की तुमच्या उडीबरोबर आमची वाटही बंद होते.

उतारप्रेमी

दगडाचं मान्य. पण तुम्ही ट्रेल दुरुस्त करणारे ओल्या वाटेवर येऊ नका म्हणता, आणि पाऊस पडून गेला की ट्रेल मोकळा असतो, माती चिकट होते, टायर कसा मस्त पकडतो! तेव्हाही घरी बसायचं म्हणता?

उंचीवरचा

तोवर टायरचं सांगतो. खालच्या गावातून हवा भरून वर आलात तर गेज जास्त आकडा दाखवतो, ते गेज बिघडलेलं नसतं. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब मोजतो, आणि २००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी असतो. २५ पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला टायर वर २८च्या आसपास दाखवेल, थंडीमुळे थोडा कमी. एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, तीन पीएसआय म्हणजे बराच फरक, टायर दगडावर टणटण उडतो. ट्रेलच्या तोंडाशी पुन्हा मोजा. याच कारणाने काही फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या, सस्पेन्शनच्या चिमट्याच्या) खालच्या पायांवर अडकलेली हवा सोडायचं बटण असतं, ते शोभेचं नाही.

दुपारी डोंगरावर ढग जमायला लागले की उघड्या धारेवर थांबू नका. सकाळी लवकर वर जाऊन दुपारच्या आत झाडीत उतरणं बरं.

नवीन सायकल

वाचतेय. अशा शहरात नुकतीच राहायला आलेय. पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन हवंच का?

धागाकर्ती

नाही. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल, रुंद टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. जमलं तर ड्रॉपर पोस्ट, म्हणजे लिव्हर दाबला की सीट खाली जाते. उतारावर सीट छातीत खुपत नाही, एवढ्यानेच निम्मी भीती जाते. ट्रेलवर पाट्या असतील तर हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळी चौकट (पत्त्यांतल्यासारखी, टोकावर उभी) अवघड. मात्र एका शहरातला निळा दुसरीकडे काळा असू शकतो, म्हणून पहिल्यांदा हिरव्यापासूनच सुरू कर.

कुदळफावडं

@उतारप्रेमी, घरी बसा असं नाही, वाट निवडा. मुरमाड, दगडी आणि उन्हाच्या बाजूची वाट आधी सुकते, चिकणमातीची आणि सावलीतली मागाहून. थोडं अंतर जाऊन मागे बघायचं. टायरची नक्षी पुसट उमटली असेल तर चालू द्या. चाकामागे चर पडला असेल किंवा फोर्कमध्ये माती अडकायला लागली असेल तर तिथूनच परत. रात्री गोठून सकाळी वितळणाऱ्या जमिनीवर तर हे हमखास तपासा, कारण वरचा थर लापशी आणि खालचा बर्फासारखा कडक, पाणी झिरपतच नाही. अशा दिवशी पहाटे, जमीन कडक असताना जाऊन ऊन चढायच्या आत उतरलात तर आमची काही तक्रार नाही.

उतारप्रेमी

पहाटे उठायचं म्हणजे... बरं. शनिवारी दगडी वाटेवर भेटू, कुदळ मी आणत नाहीये.

कुदळफावडं

आमच्याकडे जास्तीच्या आहेत.