मदत हवी आहे: कर्नाटकातून जुना ट्रॅक्टर घेतोय, एनओसी (आरटीओचं ना हरकत पत्र) हातात नसताना पूर्ण पैसे द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

मी उमरगा तालुक्यातला. साडेसात एकर रान, निम्म्यात सोयाबीन-हरभरा, निम्म्यात ऊस. आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं. पण गेल्या पावसाळ्यात वापसा (पेरणीजोगी ओल) आला तेव्हा गावातला एकही ट्रॅक्टर मोकळा नव्हता. चार दिवस वाट पाहिली, तोवर पुन्हा पाऊस लागला आणि पेरणी पंधरा दिवस मागे गेली. म्हणून जुना का होईना, घरचा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय.

सीमेपलीकडे बसवकल्याणला एका डीलरकडे एक पाहिला. ४५ एचपी, २०१२ चं मॉडेल, केए-३६ पासिंग, मीटरवर ५,२०० तास. ३ लाख ४० सांगितले, ३ लाख १० ला व्यवहार बसला. आमच्याकडे असाच ट्रॅक्टर चाळीस-पन्नास हजारांनी चढा मिळतो. डीलर मराठी बोलतो, सोयऱ्यांच्या ओळखीतला आहे. २० हजार विसार देऊन आलोय.

अडचण कागदांची आहे. आरसीवर डीलरचं नाही, तिसऱ्याच माणसाचं नाव आहे, आणि फायनान्स कंपनीचा बोजाही अजून तसाच दिसतोय. डीलर म्हणतो, "कर्ज निल झालंय, मालकाने नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्यात. पैसे द्या, ट्रॅक्टर घेऊन जा, एनओसी महिन्याभरात घरपोच करतो."

माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी असाच ट्रॅक्टर आणला होता. नाव चढवायचं राहून गेलं. ऐन उसाच्या हंगामात फायनान्सची माणसं आली आणि ट्रॉली शेतातच सोडून ट्रॅक्टर ओढून घेऊन गेली. त्याचे पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरी शंका मशीनची. इंजिन एका हाकेत सुरू झालं, धूर नाही. पण मागच्या गिअरबॉक्सची पट्टी काढून पाहिली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं होतं. बोटावर चोळलं तर चिकटपणाही कमी वाटला. डीलर म्हणाला, धुताना पाणी गेलं असेल. हे खरं मानावं का? आणि बाकीचे पैसे कसे द्यावेत? कुणी सीमेपलीकडून आणून आपलं धाराशिवचं एमएच-२५ पासिंग करून घेतला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, पूर्ण पैसे अजिबात देऊ नका. आधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा स्वतः तपासा. कर्ज खरंच निल असेल तर फायनान्स कंपनी स्वतःचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देते. तो आरटीओत गेला की बोजा उतरतो, आणि मगच फॉर्म २८ वर एनओसीचा मार्ग मोकळा होतो. ही एनओसी बसवकल्याणहून नाही, ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथूनच मिळणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे अर्ज दिल्याची पोच घ्या. ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असं धरलं जातं. दुसऱ्या राज्यातलं वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवलं तर इथला नंबर घ्यावाच लागतो. पण तेवढी वाट पाहू नका, आल्या आल्या फॉर्म २७ भरा.

आणखी एक. २०१२ चं मॉडेल म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०२७ ला संपतात. पुढे तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. तो खर्च भावातून वजा करून घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, नवा ४५ एचपी साधारण ४५ हजारांनी उतरला. जुन्याचा भाव त्याआधीच्या हिशेबाने सांगत असतील तर तसं तोंडावर बोला.

प्रतिसाद २

मी मिस्त्रीकाम करतो, म्हणून ऑइलबद्दलच बोलतो. केए-३६ म्हणजे रायचूर. सिंधनूरकडे तुंगभद्रेच्या कालव्यावर भात असतो. तिथले ट्रॅक्टर लोखंडी केज व्हील लावून चिखलणीला अर्धं चाक बुडेपर्यंत पाण्यात चालतात. अशा वेळी मागच्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून आणि ब्रेकच्या बाजूने पाणी आत जातं. नुसतं धुतल्याने सगळं ऑइल असं दुधाळ सहसा होत नाही. खालचा बोल्ट काढून ऑइल भांड्यात घ्या. तळाशी पितळी चकाकी किंवा लोखंडाचा चुरा दिसला तर बेअरिंग आणि गिअर खाल्लेत, तो ट्रॅक्टर सोडा. नसेल तर सील आणि ऑइल बदलून भागेल. लिफ्टचं हायड्रॉलिक तपासायला नांगर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघा, खाली बसतो का.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ऑइल काढून पाहिलं, चुरा नव्हता. नांगर थोडा बसला, पण पूर्ण नाही. मग आरसीवरच्या पत्त्यावरून मालकाचा फोन नंबर मिळवला. मेहुणा आळंदचा, कन्नड उत्तम बोलतो, त्याला बोलायला लावलं. फोन मुलाने उचलला. वडील मागच्या दिवाळीच्या आधीच वारले, आणि कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत. ते फेडून कागद करतो असं सांगून डीलरने ट्रॅक्टर नेला होता. मग माझ्यापुढे ठेवलेल्या फॉर्मवरच्या सह्या कधीच्या?

प्रतिसाद १

त्या सह्यांना हात लावू नका. मालक वारले असतील तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावं लागतं, मग वारस तुम्हाला विकणार. मुलालाही हे नीट समजावून सांगा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदीतला मालक जबाबदार धरला जातो. उद्या काही झालं तर नोटीस त्यांच्या घरी जाणार.

धागाकर्ता

मुलाला सांगितलं. त्याची आई फोनवर रडायला लागली, त्यांना वाटत होतं कर्ज केव्हाच फिटलं. सोमवारी मी आणि मेहुणा त्यांच्याकडे सिंधनूरला जातोय. हप्ते मी मुलासोबत फायनान्सच्या काउंटरवर भरणार, पावती त्यांच्या नावाची, रक्कम माझ्या व्यवहारात वळती. त्याआधी त्या मुलात आणि माझ्यात स्टॅम्प पेपरवर काय काय लिहून घ्यावं, एवढं कुणी रविवारपर्यंत सांगितलं तर फार बरं होईल.