खर्जाची तार खोलीभर घुमते : उपाय सुचवावा

प्रश्न :
पुण्यातील सदनिकेत माझी संगीत ऐकण्याची खोली १६ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली गेली की तिचा स्वर खोलीभर घुमत राहतो आणि डग्ग्याच्या मींडा त्यात बुडून जातात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. भिंतींवर दोन इंचांचा फोम लावला, परंतु त्याने जवारीचे, म्हणजे तारेच्या झणकाराचे, तेज तेवढे गेले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
आपल्या अडचणीचे मूळ खोलीच्या लांबीत आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ४.८८ मीटर लांबीत पहिला स्थिर तरंग (समोरासमोरच्या भिंतींमध्ये परावर्तित होऊन जागीच उभा राहणारा ध्वनितरंग) सुमारे ३५ हर्ट्‌झला आणि दुसरा सुमारे ७१ हर्ट्‌झला उभा राहतो. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्‌झचा, म्हणजे या दुसऱ्याच्या अगदी लगतचा आहे. दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि आपण नेमके तेथेच बसता. काहीही विकत घेण्याआधी सोफा मागच्या भिंतीपासून सव्वापाच फूट पुढे घ्यावा, कारण लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर या दोन्ही तरंगांचा दाब भिंतीपाशी असतो त्याच्या निम्मा भरतो. फोम काढून टाकावा. खर्जाच्या पाच मीटर तरंगलांबीपुढे दोन इंचांचे काही चालत नाही.

प्रश्नकर्ता :
सोफा पुढे घेतला आणि डग्गा स्वच्छ ऐकू येऊ लागला, याबद्दल मनापासून आभार. स्वर थांबल्यावर मागे रेंगाळणारी घूम मात्र अद्याप आहे. इक्वलायझर घ्यावा काय?

दुसरा प्रतिसाद :
इक्वलायझरने (निवडक स्वरपट्ट्यांची पातळी कमीजास्त करणाऱ्या साधनाने) एका आसनापुरते शिखर कापता येते, पण तरंगाच्या शून्यस्थानी (जेथे दाब जवळजवळ नसतो तेथे) पडलेला खड्डा भरता येत नाही, म्हणून मी आधी शोषणाकडे वळेन. अमेरिकेतील लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समबोर्डच्या भिंती थरथरून थोडा खर्ज स्वतःच गिळतात. आपल्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे छत तो जवळजवळ सगळा परत फेकतात, त्यामुळे तिकडचे सल्ले येथे अपुरे पडतात. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या ध्वनिशोषक लादीचे) त्रिकोणी तुकडे कापून चारही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरावेत आणि वरून हवा जाऊ देणारे सुती कापड ताणावे. कापताना मास्क आणि हातमोजे घालावेत. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, तिची दुरुस्ती आधी करून घ्यावी, नाहीतर कापडाला बुरशी धरते. आरईडब्ल्यू ही खोलीतील ध्वनीच्या मोजमापाची संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. कोपरे भरण्यापूर्वी आणि नंतर, मायक्रोफोन त्याच जागी ठेवून, ७० हर्ट्‌झचा स्वर किती वेळात विरतो ते मोजावे आणि दोन्ही आलेख येथे द्यावेत.