घाटवाटांची साइट शोधात सापडतच नाही, काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे.

सह्याद्रीतल्या घाटवाटांवर माझी छोटीशी मराठी साइट आहे. जाहिराती नाहीत, बुकिंग नाही. वाट कुठून फुटते, कुठे चुकते, पाणी कधीपर्यंत मिळतं, एवढंच. पूर्वी लोक शोधत शोधत येऊन पोचायचे. आता साइटचं नाव टाकलं तरच ती दिसते. 'नाणेघाट पाणी' असं शोधलं की वर एआयचं आयतं उत्तर, मग व्हिडिओ, मग माणशी दर सांगणारे ट्रेकवाले. गुहेजवळच्या कुठल्या टाक्यातलं पाणी प्यायचं, हे त्यातल्या एकानेही लिहिलेलं नाही. माझ्या पानावर आहे!

गूगलला साइटमॅप (साइटच्या सगळ्या पानांची यादी) दिलाय, मोबाइलवर नीट उघडते, जुन्या शिवाजी फॉन्टमधला मजकूर केव्हाच युनिकोडमध्ये आणलाय. तरी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये निम्म्या पानांपुढे 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्समध्ये नाही' (म्हणजे पान वाचलं, पण शोधाच्या यादीत घेतलं नाही) एवढाच शेरा. कारण काही कळत नाही.

मला वाटतं दुखणं वेगळंच आहे. आमच्यासारख्यांचे वाचक एकमेकांच्या दुव्यांवरून यायचे. ब्लॉगच्या कडेला 'मी वाचतो ते ब्लॉग' अशी यादी असायची. ब्लॉगांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर जुलै २०१३मध्ये बंद पडलं, माणसांनी निवडून लावलेली डीमॉझ डिरेक्टरी २०१७मध्ये. दुवे देणारे ट्रेकर मित्र इन्स्टाग्रामवर गेले, आणि तिथे फोटोखाली लिहिलेला पत्ता दाबून उघडतही नाही. कोण कोणाला दुवा देतं यावरून पानाची पत ठरणार, आणि दुवा देणारेच उरले नाहीत, तर शोधात वर येणार कसं?

तर विचारायचंय असं, की बरेच मराठी वाचक गावाचं नाव रोमन लिपीत टाकून शोधतात. मग शीर्षकात रोमन नाव घालावं का? कुणाला अनुभव? मराठी ब्लॉगांची एखादी चालू, जिवंत यादी माहीत आहे का? आणि आरएसएस (साइटवरचं नवं लेखन आपोआप वाचकापर्यंत पोचवणारी फीड) वाचणारं कुणी उरलंय का इथे?

'यूट्यूब चॅनल काढ' हा सल्ला घरातूनच रोज मिळतो, तो कृपया नको.

प्रतिसाद:
रोमन नाव शीर्षकात आणि पानाच्या पत्त्यातही घाला. माझ्या पाककृतींच्या साइटला त्याने थोडा फरक पडला, फार नाही. शेरा आलेल्या पानांना तुमच्याच इतर पानांतून दुवे आहेत का ते बघा, सुटी पडलेली पानं मागे राहतात. यादीचं माहीत नाही. आरएसएस मी वाचते, फीडचा पत्ता इथेच टाका.