तपकिरी कापसाचं सूत सारखं तुटतंय, काय करू?

सुताई, विटा
माघात लेकीचं लग्न आहे. तिला माझ्या हातानं कातून, विणून एक चादर द्यायची आहे. हे मनात भरलं ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन बायकांमुळं. त्यांचे पूर्वज अकेडियन, मूळचे कॅनडाकडच्या नोव्हा स्कोशियाचे. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं. आधी त्या लोकर आणि अळशीचं सूत कातायच्या. लुइझियानात आल्यावर उष्ण हवेत कापूस धरला, त्यातला एक बोंडातूनच तपकिरी निघणारा. त्याला त्या 'कोतों जोन' म्हणतात, म्हणजे पिवळा कापूस. आया त्याच्या चादरी विणून लेकीच्या लग्नात द्यायच्या. माझ्या आजीनं आईला असंच घोंगडं दिलं होतं, अजून कपाटात आहे.

धारवाडकडच्या पाहुण्यांनी दोन किलो तपकिरी कापूस सरकीसकट पाठवला. सरकी हातानं काढली, पिंजून पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळ्या, केले. पण पेटी चरख्यावर वीतभर सूत निघतं न निघतं तोच तुटतं. मामांच्या जुन्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावला तर दहा मिनिटांत सात धागे गेले. रडूच आलं.

म्हसवडकर
ताई, या कापसाचा तंतू आखूड असतो. पांढऱ्या कापसाच्या सवयीनं लांब ओढू नका. थोडं ओढा, पीळ जास्त द्या, मगच चरख्याच्या चातीवर गुंडाळा. आणि हातचं सूत ताण्याला घेऊच नका. ताणा गिरणीच्या पांढऱ्या सुताचा, बाणा, म्हणजे आडवं सूत, तुमचा. आमच्या घरी चार पिढ्या घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावल्याशिवाय कुणी धोटा हातात घेत नाही. चिंचोके भाजून टरफलं काढा, भिजवून वाटा, शिजवा. सुताला पातळच ठेवा, घोंगड्यासारखी दाट नको.

कापूसवेडा, सांगली
केजन चादरीसुद्धा बऱ्याचदा पांढऱ्यावर तपकिरी पट्ट्यांच्याच असतात, काहींत निळीचा पट्टा. माग अरुंद, म्हणून कापडाचे दोन पाट विणून मधोमध शिवायच्या. लुइझियानातल्या ड्यूसन गावच्या ग्लॅडिस क्लार्क यांना या कातणी-विणकामासाठी १९९७ साली अमेरिकेचा राष्ट्रीय हेरिटेज सन्मान मिळाला. तेव्हा ताई, पांढरा ताणा घेतला म्हणून चादर खोटी ठरत नाही. आणि विणण्याआधी सुताच्या लडी सोड्याच्या पाण्यात उकळा, तपकिरी आणखी गडद होतो. सरकी पेरणार असाल तर पांढऱ्या कापसापासून लांब पेरा, नाहीतर परागानं भेसळ होते.

सुताई, विटा
काका, काल खळ शिजवली, घरभर भाजल्या चिंचोक्याचा वास. पांढरा ताणा लावून आज हातभर विणलं, एकही धागा गेला नाही. उकळलेली लडी ओल्या चहापत्तीच्या रंगाची झाली आहे. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. दुसरा पाट संक्रांतीपर्यंत उतरवायचा आहे, खळ दर वेळी ताजीच करायची की दोन दिवस टिकते?

म्हसवडकर
ताजीच करा. दुसऱ्या दिवशी आंबते, सुताला वास लागतो.