'स्वतःहून' की 'पदरची हालचाल खर्चून'? लढाईतल्या हालचालीचे नियम मराठीत लिहिताना

टाकबोरू:
डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) लढाईचे नियम नवख्यांना समजावे म्हणून एक पानभर मराठी टिपण फिरतंय. त्यात अपॉर्च्युनिटी अटॅकची, म्हणजे निसटणाऱ्या शत्रूवर मिळणाऱ्या आयत्या वाराची, ओळ अशी आहे: 'दिसत असलेला शत्रू स्वतःहून तुमच्या टप्प्याबाहेर गेला, तर रिअ‍ॅक्शन वापरून त्याच्यावर एक वार करता येतो.' टप्पा म्हणजे हातातलं शस्त्र पोहोचतं तेवढं अंतर (रीच), आणि रिअ‍ॅक्शन म्हणजे आपली पाळी पुन्हा येईपर्यंत एकदाच वापरता येणारी झटपट कृती. ढकललेल्या शत्रूला वगळावं म्हणून 'स्वतःहून' घातलं असणार. आता बार्डने (गाणारा जादूगार) समोरच्या ऑर्कवर (राक्षसावर) डिसोनंट व्हिस्पर्स हा मंत्र टाकला आणि ऑर्कचा विज्डम सेव्ह, म्हणजे मंत्रापासून वाचायचा फासा, हुकला. त्याने ताबडतोब आपली रिअ‍ॅक्शन वापरून वेग पुरेल तितकं लांब पळायचं. शेजारी फायटर (लढवय्या) उभा आहे, तो म्हणतो माझा वार. डीएम (खेळ चालवणारा) टिपणावर बोट ठेवून म्हणतो, मंत्राने पळतोय, यात 'स्वतःहून' काय आहे? या ओळीत कोणता शब्द बसेल?

सोंगटी:
'आपल्या पायाने' लिहा. ढकललेला आपल्या पायाने जात नाही, पळवलेला जातो. संपला विषय.

ढालगज:
इतक्यात कसा संपेल? 'आपल्या पायाने चालत संकटात गेला' असं आपण म्हणतो तेव्हा त्याची मर्जीच सांगत असतो. म्हणजे 'स्वतःहून'मधली खोट यातही आली. शिवाय उडणाऱ्या शत्रूचे पाय कुठे शोधायचे?

वीसकोनी:
शब्दाआधी नियम पाहू. मूळ वाक्यात मर्जीचा उल्लेखच नाही. तीन गोष्टींना वार लागू होत नाही: डिसएंगेज (सावधपणे लढतीतून बाजूला होण्याची कृती) घेतलेला, टेलिपोर्ट झालेला (जादूने क्षणात दुसरीकडे गेलेला), आणि ज्याला दुसऱ्या कोणी किंवा कशाने हलवलं पण त्याची स्वतःची मूव्हमेंट (हालचाल), अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन खर्च झाली नाही असा. डीएमने एवढंच विचारायचं की खर्च कोणाच्या खात्यावर पडला.

थंडरवेव्ह मंत्राने १० फूट मागे फेकला, खर्च शून्य, वार नाही. कड्यावरून पडताना शत्रूच्या अंगावरून खाली गेला, तरी नाही. कमांड मंत्राने 'पळ' म्हटलं तर तो आपल्या टर्नमध्ये (पाळीत) आपली मूव्हमेंट वापरून पळतो, म्हणून वार आहे. ग्रॅपल करून (पकडून धरून) एखाद्याला ओढत नेलं तर ओढणाऱ्यावर वार होऊ शकतो, ओढल्या जाणाऱ्यावर नाही. व्हिस्पर्समध्ये ऑर्कची रिअ‍ॅक्शन जाते, त्यामुळे फायटरचा वार पक्का. फक्त ऑर्कने आधीच रिअ‍ॅक्शन वापरून टाकली असेल आणि त्याची पुढची टर्न अजून आली नसेल, तर तो पळतच नाही. नुकसान होतं, जागा सुटत नाही. हे टेबलावर हमखास विसरलं जातं.

२०२४च्या सुधारित नियमात तर वार कशामुळे ओढवतो याची यादीच वाक्यात घातली आहे: अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन किंवा स्वतःचा एखादा स्पीड वापरून टप्प्याबाहेर गेला तर.

तिरपागडा:
मग सरळ 'पदरची' म्हणा की! 'शत्रू पदरची हालचाल, अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन खर्चून टप्प्याबाहेर गेला तर'. पदरचे पैसे राजीखुशीने जातात असं थोडंच आहे, दंडही पदरचाच भरावा लागतो.

वीसकोनी:
हे आवडलं. कारण 'स्वेच्छेने' हा शब्द दुसरीकडे राखून ठेवायला हवा. बूमिंग ब्लेड हा मंत्र लागलेला शत्रू, टाकणाऱ्याची पुढची टर्न सुरू व्हायच्या आत, स्वेच्छेने ५ फूट किंवा जास्त हलला तर त्याला १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) इतकं गडगडाटी नुकसान होतं, पाचव्या लेव्हलपासून २डी८. तिथे मर्जीच पाहायची असते. म्हणून व्हिस्पर्सने पळणाऱ्या त्याच ऑर्कवर फायटरचा वार होतो, पण अंगावरचं बूमिंग ब्लेड फुटत नाही. एकाच पळण्याला दोन नियमांची दोन उत्तरं. फ्राइटन्ड (घाबरलेला) या अवस्थेचंही तसंच: भीती ज्याची वाटते त्याच्या जवळ स्वेच्छेने जाता येत नाही, पण मागून कोणी लोटलं तर जवळ जाणं नियमात बसतं. दोन्हीकडे 'स्वतःहून' लिहिलं की हे सगळं एकमेकांत मिसळतं.

ढालगज:
'अपॉर्च्युनिटी अटॅक' तसाच ठेवणार का? 'संधिवार' इतका सुटसुटीत शब्द तयार होतो. 'रिअ‍ॅक्शन'ला 'प्रतिसाद', 'डिसएंगेज'ला 'विलग होणे'. अर्ध पान इंग्रजी असेल तर मराठी टिपण कशाला म्हणायचं?

सोंगटी:
कॅरेक्टर शीटवर 'रिअ‍ॅक्शन' छापलेलं असतं. टिपणात 'प्रतिसाद' वाचून खेळाडू शीटवर काय शोधणार? नियमाच्या नावाला हात लावू नका, नियम मराठीत समजावा. आणि 'विलग होणे' कुठलं हो? 'काढता पाय घेणे' हा नेमका डिसएंगेज आहे. पळत सुटणं वेगळं, काढता पाय घेणं वेगळं, त्यात सावधपणा आला.

ढालगज:
'काढता पाय'वर माझी हरकत नाही. 'संधिवार' मात्र मी सोडणार नाही.

सोंगटी:
पण ओळीत आणखी एक चूक आहे. 'टप्प्याबाहेर' कशाला? शत्रूच्या शेजारून नुसतं सरकलं तरी वार बसतो ना?

वीसकोनी:
ते ३.५ आवृत्तीत (२००३). तिथे धोक्याच्या एका चौकोनातून दुसऱ्यात गेलं तरी वार ओढवायचा, म्हणून वार न ओढवणाऱ्या ५ फुटांच्या स्टेपला इतका भाव होता. पाचव्यात टप्प्याच्या आत शत्रूभोवती गोल फेरी मारलीत तरी काही होत नाही. ग्लेव्ह किंवा हॅलबर्ड अशा लांब दांड्याच्या शस्त्रवाल्याचा टप्पा १० फूट. त्याच्यापासून ५ वरून १० फुटांवर मागे सरकलात, वार नाही. १० वरून १५ वर जायला निघालात की वार.

चूक खरं तर 'गेला तर' या शब्दांत आहे. वार होतो तो शत्रू बाहेर पडण्याच्या आधी, आतल्या शेवटच्या चौकोनात असताना. 'गेला तर' वाचलं की लोक प्यादं आधी बाहेर ठेवतात आणि मग म्हणतात, आता तर तो टप्प्यात नाही, वार कसा पोहोचणार? 'जाऊ लागला तर' लिहा. वार करणाऱ्याकडे सेंटिनेल ही फीट (खास कसब) असेल तर याचं महत्त्व जास्तच: वार लागला की त्या टर्नपुरता स्पीड शून्य होतो, म्हणजे शत्रू आतच अडकतो. आणि सेंटिनेलपुढे काढता पायही चालत नाही.

ढालगज:
'टप्पा' तरी ठेवायचा का? टप्पा चेंडूचा, टप्पा योजनेचा. 'पल्ला' का नको? लांब पल्ल्याची तोफ सगळ्यांना कळते.

तिरपागडा:
म्हणूनच नको. पल्ला धनुष्याला लागणार. लाँगबोचा (मोठ्या धनुष्याचा) पल्ला १५०/६००: १५० फुटांपुढे नेमाला बाधा आणणारा डिसअ‍ॅडव्हान्टेज, ६०० पुढे बाण सोडताच येत नाही. रीचलाही पल्लाच म्हटलं तर धनुर्धारी ६०० फुटांवरून संधिवार मागेल. हातातल्या शस्त्राला टप्पा, सोडलेल्याला पल्ला.

टाकबोरू:
आणि स्पीडला टिपणात 'वेग' म्हटलंय. 'वेग ३० फूट'. मला खटकतं.

वीसकोनी:
खटकायलाच हवं. ६ सेकंदांच्या फेरीत आपल्या टर्नला किती फूट खर्चता येतील त्याची ती मर्यादा आहे. 'वेग' म्हटलं की डॅशला (जास्त धावण्याच्या कृतीला) लोक 'वेग दुप्पट' म्हणतात आणि तिथे हिशेब चुकतो. डॅशने स्पीड वाढत नाही, स्पीडइतकी जादा हालचाल मिळते. खाली पडलेला माणूस, स्पीड ३०. उठायला निम्मा स्पीड म्हणजे १५ फूट जातात. डॅश घेतला तर ६० उणे १५, ४५ फूट उरतात. 'वेग दुप्पट' समजणारा ६० चे निम्मे ३० कापतो आणि खेळाडूचे १५ फूट फुकट जातात. स्पीड शून्य असेल, म्हणजे ग्रॅपल झालेला असेल, तर उठताच येत नाही.

तिरपागडा:
'मजल' घ्या. 'मजल ३० फूट'. मूळ अरबी मंझिल, प्रवासात उतरायची जागा. एका दमात जेवढं अंतर कापता येतं तेवढं.

ढालगज:
मजल दरमजल म्हणजे दिवसदिवसाची वाटचाल. सहा सेकंदांत कसली मजल मारता? 'चाल' म्हणा, शुद्ध आपला शब्द.

सोंगटी:
'माझी चाल ३० फूट' आणि 'माझी चाल आली' दोन्ही एकाच टेबलावर? पटावर चाल म्हणजे पाळी. शिवाय शत्रूवर चाल करून जाणं वेगळंच. मला 'स्पीड'च बरा.

टाकबोरू:
'प्रोन'ला, म्हणजे खाली पडलेल्याच्या अवस्थेला, टिपणात 'पालथा' लिहिलंय, तेही बदलायचं ना?

तिरपागडा:
नक्कीच. इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ पालथा असला, तरी नियमाला पोट वर की खाली याच्याशी देणंघेणं नाही. उताणा पडलेलाही प्रोनच. 'चीत' लिहावं तर कुस्तीत चीत म्हणजे पाठ टेकली, कुस्ती संपली. 'आडवा' बरा. आडव्याने न उठता पुढे जायचं तर 'सरपटणे' लिहा, 'रांगणे' नको, रांगणारा गुडघ्यांवर असतो.

वीसकोनी:
सरपटताना दर फुटाला २ फूट खर्च, दगडधोंड्यांतून असेल तर ३. दगडधोंडे आणि झुडपं एकाच जागी असली तरी ३ च, अवघड जमिनीची भर एकदाच पडते.

टाकबोरू:
बरं, मग पहिली ओळ अशी: 'दिसत असलेला शत्रू पदरची हालचाल, अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन खर्चून टप्प्याबाहेर जाऊ लागला तर'. चालेल?

सोंगटी:
घोडेस्वाराचं काय? चालतो घोडा, वार कोणावर?

वीसकोनी:
घोडा टप्प्याबाहेर जाऊ लागला आणि वार ओढवला, तर वार करणाऱ्याने निवडायचं, घोडा की स्वार. स्वाराच्या पदरचं एक फूटही गेलेलं नसतं, तरी तो वार खातो. इथे 'पदरची' अपुरं पडतं, स्वारासाठी वेगळी ओळ लागेल.

ढालगज:
आणि त्या ओळीत 'संधिवार'च लिहा.