शब्दचर्चा: विषाणूचा ‘होस्ट’ आणि प्रथिनांची ‘इंटरॅक्शन’

दादरकर:
मंडळी, कॉलेजच्या विज्ञान अंकासाठी एक लेख मराठीत करतेय. विषय: विषाणूंची प्रथिनं आपल्या पेशीतल्या कोणकोणत्या प्रथिनांशी ‘इंटरॅक्ट’ होतात याच्या नोंदी ठेवणारे डेटाबेस. व्हिरहोस्टनेट, इंटअ‍ॅक्ट वगैरे. दोन शब्दांवर गाडी अडलीय. ‘होस्ट’ला यजमान लिहिलं की सत्यनारायणाला बसलेले काका डोळ्यांसमोर येतात. आणि ‘इंटरॅक्शन’ला आंतरक्रिया, अन्योन्यक्रिया की परस्परक्रिया?

मुलुंडचे आजोबा:
काका आले तर येऊ देत, यजमानच ठेवा. पूजा गुरुजी सांगतात, खर्च यजमानाचा. विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नसतात, प्रथिनं बनवायला तो पेशीचंच सामान वापरतो. म्हणजे इथेही खर्च यजमानाचाच! पोशिंदा नको, तो आपणहून पोसतो. आश्रयदाताही त्याच कारणाने बाद. दुसऱ्या शब्दाचं म्हणाल तर परस्परक्रिया बरा, जिभेला अडत नाही.

परळची:
यजमान मान्य. पण आजोबा, इंटरॅक्शनचं एका शब्दात भागणार नाही, कारण खुद्द डेटाबेसच तो एका अर्थाने वापरत नाहीत. इंटअ‍ॅक्टमध्ये प्रत्येक नोंदीला प्रकार लावलेला असतो. सगळ्यात सैल प्रकार म्हणजे दोन प्रथिनं एकाच घोळक्यात सापडली, त्यापुढे एकाच संकुलाचा, म्हणजे एकत्र जुळलेल्या प्रथिनांच्या गटाचा, भाग असल्याचा पुरावा, आणि सगळ्यात पक्का म्हणजे मधे तिसरं कुणी नसताना एकमेकांना धरलं. मी अनुक्रमे साहचर्य, भौतिक साहचर्य आणि थेट बंधन म्हणेन. परस्परक्रिया हे या सगळ्यांवरचं छत्र.

फरक किती पडतो बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या एचपीव्ही-१६ या विषाणूचं ई-६ प्रथिन आपल्या पेशीतल्या, कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ प्रथिनाचा काटा काढतं, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण एकट्या ई-६ला पी-५३ धरताच येत नाही. आधी पेशीतलंच ई-६एपी नावाचं प्रथिन सोबत घ्यावं लागतं, मग तिघांचं संकुल जमतं. तिथे ‘ई-६ पी-५३ला चिकटतं’ एवढंच लिहिलं तर मधला दलाल गायब!

दुसरं, २०२०चं गाजलेलं काम. सार्स-कोव्ह-२च्या, म्हणजे कोविडच्या विषाणूच्या, २९पैकी २६ प्रथिनं एकेक करून मानवी पेशींत बनवली, प्रत्येकाला ओळखीची शेपटी लावली आणि शेपटीला धरून बाहेर ओढलं. लालबागच्या गर्दीतून एकाला हात धरून ओढावं तसं. त्याचा हात धरलेला येतो आणि त्या हात धरलेल्याची मावशीही येते. अशा ३३२ भरवशाच्या जोड्या मिळाल्या. त्या सगळ्या थेट बंधनाच्या आहेत असं लेखात येऊ देऊ नका. गंमत म्हणजे या विषाणूचं काट्याचं (स्पाइक) प्रथिन आपल्या पेशीवरच्या एसीई-२ प्रथिनाला धरतं हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण त्या यादीत एसीई-२ नाही. मूत्रपिंडापासून तयार केलेल्या ज्या पेशी वापरल्या, त्यांत ते जवळपास नसतंच. तेव्हा ‘यादीत नाही म्हणजे परस्परक्रिया नाही’ हेही वाक्य टाळा.

दादरकर:
बापरे, हे आधी कळलं ते बरं झालं. मग एचआयव्हीच्या नोंदींचं काय करू? तिथे ‘नेफ सीडी-४ कमी करतं’ (नेफ विषाणूचं प्रथिन, सीडी-४ आपल्या पेशीवरचं) असल्या ओळीही इंटरॅक्शन म्हणून दिल्यात.

परळची:
तो अमेरिकेतल्या एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राचा संग्रह असणार. तिथे प्रत्येक नोंदीला क्रियापद आहे: बांधतं, तोडतं, रोखतं, वाढवतं, कमी करतं. काही ठिकाणी स्पर्शाचा संबंधच नसतो, नुसता परिणाम असतो. तिथे नाम शोधत बसू नका, क्रियापदच लिहा. ‘जीपी-१२० (एचआयव्हीच्या आवरणावरचं प्रथिन) सीडी-४ला बांधतं’, ‘नेफ पेशीच्या पृष्ठावरचं सीडी-४ कमी करतं’. मराठीत ते छान बसतं.

दादरकर:
आणि डेटाबेसला विदागार? संपादक म्हणतात, विदा रुळलाय.

मुलुंडचे आजोबा:
संपादकांकडे रुळला असेल. डेटाबेस लिहा, पुढे चला.

दादरकर:
शेवटचं. पी-हिप्स्टरसारख्या डेटाबेसमधल्या बहुतेक जोड्या प्रयोगातून आलेल्या नाहीत, प्रथिनांच्या रचनेतल्या साम्यावरून संगणकाने काढल्यात. ‘भाकीत केलेल्या परस्परक्रिया’ चालेल?

मुलुंडचे आजोबा:
भाकीत म्हटलं की पोपटवाला ज्योतिषी आला. ते उद्याचं सांगतं, आणि ही जोडी असलीच तर आजही आहे. ‘अनुमानित’ लिहा. अनुमान म्हणजे दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्याबद्दल काढलेला निष्कर्ष, आणि इथे रचनेतलं साम्य हीच खूण.

परळची:
अनुमानितला माझं मत. फक्त लेखातल्या तक्त्यात त्या जोड्या वेगळ्या रकान्यात ठेवा, प्रयोगाने दाखवलेल्यांत मिसळू नका.