अवघड गेम सोपा करून मागायचा का? कारमॅकच्या रॉकेटवरून सुरू झालेला वाद

आसारी_पंचवटी
परवा कॉलेज रोडला चहा पिताना मित्राशी चांगलीच जुंपली. तो म्हणाला, सेकिरो या तलवारबाजीच्या अवघड गेममध्ये इझी मोड, म्हणजे सोपी पातळी, नाही हा अन्याय आहे, पैसे मोजलेत तर शेवट बघायला मिळालाच पाहिजे. मला हे पटत नाही, म्हणून इथे मांडतोय.

एक उदाहरण घ्या. डूम (1993) आणि क्वेक (1996) हे गेम ज्याच्या कोडवर उभे राहिले तो जॉन कारमॅक. याच माणसाने 2000 मध्ये टेक्सासमध्ये आर्माडिलो एरोस्पेस ही रॉकेट कंपनी काढली. पैसा स्वतःच्या खिशातला, सोबत मूठभर हौशी मंडळी, आणि सगळं गेमचं काम सांभाळून. त्यांना सरळ वर जाऊन पुन्हा पायांवर उभं उतरणारं रॉकेट करायचं होतं. नासाने बक्षिसाचे पैसे दिलेली लूनर लँडर स्पर्धा होती. किमान 50 मीटर वर जायचं, 100 मीटर लांबच्या पॅडवर उतरायचं, 90 सेकंद हवेत राहायचं, मग इंधन भरून तसंच परत यायचं. 2006 ला जमलं नाही, 2007 ला जमलं नाही. 2008 ला जमलं आणि साडेतीन लाख डॉलर मिळाले. पण मला त्या बक्षिसापेक्षा मधली वर्षं मोठी वाटतात. यान आपटायचं, जळायचं, आणि काय चुकलं ते कारमॅक उघडपणे लिहून टाकायचा. जग वाचत होतं तरी लपवाछपवी नाही.

गुरुत्वाकर्षणाला कुठे इझी मोड असतो? चांगला अवघड गेम तसाच असतो. सेकिरोतल्या गेनिचिरो या शत्रूपाशी मी चार रात्री अडकलो होतो. शेवटी तो वीज फेकतो. ती हवेत उडी मारून अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागायच्या आत तलवार फिरवून त्याच्यावरच परत टाकायची. पाय आधी टेकले की संपलं. चौथ्या रात्री जमलं तेव्हा दीड वाजला होता आणि हात थरथरत होते. कुणी आकडे कमी करून दिले असते तर ही उडी मी शिकलोच नसतो.

क्वेकवाला_सिडको
दादा, उदाहरण उलटं पडतंय. एक तर कारमॅकने गेमचं इंजिन, म्हणजे आतला मूळ कोड, लिहिलं, डूमच्या लेव्हल रोमेरो आणि सँडी पीटरसन वगैरेंनी रचल्या. अवघडपणाचं श्रेय द्यायचं तर त्यांना द्या.

दुसरं, डूममध्ये अगदी नवख्यापासून नाइटमेअरपर्यंत पाच पायऱ्या आहेत. नाइटमेअर तर नंतरच्या अपडेटमध्ये आला, कारण काहींना चौथी पायरी, अल्ट्रा-व्हायोलन्स, सोपं वाटायला लागलं होतं. तो निवडला की गेम आधी खात्री करून घेतो आणि सांगून टाकतो की हे अजिबात न्याय्य नाही. मारलेले राक्षस पुन्हा उठतात. क्वेकमध्ये तर पायरी निवडायला मेनूसुद्धा नाही, तीन बोळ आहेत. इझीचा सरळ चालत पार होतो, हार्डच्या वाटेत लाव्हा आहे, आणि नाइटमेअरचं दार चौथ्या एपिसोडच्या तोंडाशी लपवून ठेवलंय. म्हणजे ज्याचं नाव तुम्ही घेताय त्याच्याच गेमने प्रत्येकाला आपापली वाट दिली होती. मी शाळेत असताना इझीच्या बोळातूनच गेलो. नाहीतर तेव्हाच सोडून दिला असता.

गोदाकाठ_गेमर
मी आसारीच्या बाजूने. 2009 ला त्याच स्पर्धेचा वरचा टप्पा झाला, 180 सेकंद आणि उतरायला खडकाळ जागा. आर्माडिलोने तो पूर्ण केला. पण मास्टेन या दुसऱ्या कंपनीचं यान लक्ष्यापासून सरासरी 19 सेंटीमीटरवर उतरलं आणि आर्माडिलोचं 87 वर. दहा लाख डॉलर मास्टेनला गेले, पाच लाख यांना. दोन-सव्वादोन फुटांचा फरक, पण मोजपट्टी दोघांना एकच होती म्हणून त्या निकालाला किंमत आहे. 'मी सेकिरो संपवला' या वाक्याचंही तसंच आहे.

ओझरकर
स्पर्धा आणि घरी बसून खेळणं यात फरक आहे की नाही? घरी कोण सेंटीमीटर मोजतंय?

आणि आसारी, गुरुत्वाकर्षण कुणी बनवलेलं नाही, गेम माणसाने बनवलाय. आकडे त्यानेच टाकलेत, तो बदलू शकतो. शिवाय आर्माडिलोवाल्यांनी तरी पहिल्याच दिवशी यान मोकळं सोडलं का? आधी दोराने वर टांगून उडवायचे. इंजिन बिघडलं तरी यान दोरावर लोंबकळायचं, खाली आपटायचं नाही. दोष दुरुस्त करून पुन्हा टांगायचे. मग दोर सोडायचे. इझी मोड म्हणजे याहून वेगळं काय आहे? तुम्ही नाव आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेतलंय म्हणून विचारतो, संक्रांतीला लहान पोराच्या हातात आधी काय देता? आपण वर चढवलेला, वारा धरलेला पतंगच ना? मांजाचा ताण बोटाला कळला की मग पेच शिकवतो.

सातपूर_डावखुरा
मी सहसा लिहीत नाही. कंपनीत प्रेसवर उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याआधी मी सेकिरो अर्ध्यापर्यंत खेळलो होतो. आता कंट्रोलर मांडीवर ठेवून डाव्या हाताने खेळतो, उजव्याच्या अंगठ्याने एखादं बटण दाबतो, दुसरं दाबायचं तर हात उचलावा लागतो. तो उचलेपर्यंत समोरच्याचा वार झालेला असतो. आसारी म्हणतात ती हवेतली उडी मला कळते. कुठल्या क्षणी काय करायचं ते मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. हात पोहोचत नाही.

सेलेस्ट (2018) हा डोंगर चढायचा गेम मी पूर्ण केला. त्यात असिस्ट मोड आहे, वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो. मी 70 वर खेळलो. तरी एकेका पडद्यावर शंभरदा मेलो, आणि माथ्यावर पोहोचलो त्या दिवशी बायकोला उठवून दाखवलं. मी खेळलो तो सोपा गेम होता असं कुणी म्हणू नये.

आसारी_पंचवटी
डावखुरा भाऊ, मनापासून माफी. 'आकडे कमी करून दिले असते' हे लिहिताना मी फक्त माझ्या हातांचा विचार केला. तुम्ही 70 टक्क्यांवर शंभरदा मेलात म्हणजे तुम्ही तेच केलंत जे मी त्या चार रात्री केलं.

ओझरकर, दोराचं मान्य. पतंगाचंही मान्य, पुतण्याला मी तसाच शिकवला. पण एका गोष्टीवर मी अजून ठाम आहे. दोर बांधलेला असला तरी काय चुकलं ते यानाला आणि माणसाला कळत होतं. शत्रूची ताकद निम्मी केली की चूक झाकली जाते, वीज अंगावर घेऊनही माणूस पुढे जातो. वेग कमी केला तर उडी तीच राहते, फक्त वेळ मिळतो. सेकिरोत असा वेग कमी करायची सोय हवी. हे मी कालपर्यंत म्हणालो नसतो.

क्वेकवाला_सिडको
पीसीवर वेग कमी करणारे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेले बदल, आहेत. डावखुरा, रविवारी तुमच्याकडे येऊन बसवून देऊ का? गेनिचिरोपासूनच सुरू करू.

सातपूर_डावखुरा
या. दुपारी तीननंतर, सकाळची शिफ्ट आहे.